टाचेखालची रेघ

जयवंती कोयंडे दोन फोटो घेऊन आली.
एकात ती, नव्या घरासमोर,
चिऱ्यांना अजून गिलावा नाही,
उन्हाने डोळे बारीक, पदर एका हाताने दाबलेला.
दुसरा मोबाईलमध्ये : नवरा,
जहाजाच्या मेसमध्ये, ट्यूबलाईटखाली,
मागे सॉसची बाटली,
आणि फोटो गुडघ्यापर्यंतच.
म्हणाली, ‘ह्यांका माज्या बाजूक उभे करा. जमात मां?’

जमतं. बावीस वर्षं देवगडात हेच करतोय मी.
मिटलेले डोळे उघडून दिले आहेत,
लग्नातून रुसून गेलेला एक मामा
परत पंगतीत आणून बसवला आहे.
कापणं सोपं असतं. ठेवणं अवघड.
ह्याला कापला, तिच्या शेजारी ठेवला,
तर तो तरंगायला लागला.

(तसा तो तरंगतच होता म्हणा,
फुजैराबाहेर नांगर टाकून, सातवा महिना.)

सावली काळी नसते.
हे कळायला मला पहिली सहा वर्षं लागली.
तोवर अर्ध्या तालुक्यातली वऱ्हाडं
मी डांबरात उभी करून ठेवली आहेत,
अजून भिंतींवर असतील. माफी असावी.
जांभ्यावर पडते ती आमसुलाच्या रंगाची,
कडेने जरासं आभाळ मिसळलेलं.
पायाशी घट्ट असते, मग सैल होत जाते,
मडक्याखालची ओल पसरावी तशी,
कुठे संपली ते बोट ठेवून सांगता येत नाही.
आणि टाचेखाली एक रेघ, केसाएवढी.
खरोखर काळी असते ती तेवढीच.
ती विसरलात तर बाकी सगळं फुकट.

ह्याला तर टाचाच नव्हत्या.

चार वाजता मागच्या दारी गेलो.
जयवंतीच्या फोटोतलं ऊन चारचं होतं,
तिची सावली पायरीवर मोडून
पुढे भिंतीवर उभी चढली होती.
माझ्याकडेही पायरी आहे, चिरे आहेत,
समोर तोच समुद्र, त्याच्यावर तेवढ्याच उंचीवर ऊन.
चपला काढल्या. टायमर लावला.
दहा सेकंद खलाशासारखा उभा राहिलो,
म्हणजे कसा, ते मला माहीत नाही.
बायको आतून म्हणाली,
‘कोणाची वाट बघताय?’

रात्री लाईट गेली. इन्व्हर्टरवर बसलो.
माझी पावलं त्याच्या पँटखाली जोडली,
माझी सावली त्याच्या अंगामागे सरकवली,
मल्टिप्लाय, ओपॅसिटी चौसष्ट,
नाही, एकसष्ट,
भिंतीकडे ब्लर थोडा जास्त.
जिथे ती जयवंतीच्या सावलीला भिडली
तिथे हात आखडता घेतला.
नवशिके इथेच चुकतात,
दोन सावल्या एकीवर एक आल्या
की काळोख दुप्पट करून टाकतात.
सूर्य एकच असेल तर तसं होत नाही.
दोघींची मिळून एकच सावली होते,
तेवढीच गडद, आणि कोणाचं काय
ते मग वेगळं काढता येत नाही.

शनिवारी आली.
चेहऱ्याकडे तिने पाहिलंच नाही, तो पाठ असणार.
बोट थेट भिंतीवर नेलं, सावलीच्या खांद्यावर.
एक खांदा खाली गेलेला.
कॅमेऱ्याच्या पिशवीने,
बावीस वर्षांत, माझा.
मी खुर्चीतून अर्धा उठलो, म्हटलं,
पाच मिनिटं द्या, दुरुस्त करतो.

‘नको,’ ती म्हणाली.
बोट अजून तिथेच.
‘दमलेले दिसतत.’

मग फ्रेमचे विचारले.
तीनशे वीस झाले होते. तिच्याकडे सुटे नव्हते,
वीस राहिले.
मागणार नाही.